आईकडची माणसं

मी निवृत्त होईपर्यंत आमच्या गल्लीत कुणालाच कळलं नाही की मी नक्की काय करतो. शेजारच्या काकू मला 'रक्त तपासणारे' म्हणायच्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट समजावून घ्यायला यायच्या. मला थायरॉइडमधलं ओ की ठो कळत नाही असं मी त्यांना बऱ्याचदा सांगितलं. त्यांचा समज झाला की मी फार विनयशील आहे. सासऱ्यांनी लग्नात माझी ओळख 'शास्त्रज्ञ' म्हणून करून दिली होती. पुढे एकदा दुसऱ्या कुणाला सुई टोचताना मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला त्यांनी पाहिला आणि मग तो शब्द त्यांनी परत वापरला नाही. आयुष्य रक्ताच्या नमुन्यांत गेलं, पण रक्त काढताना बघायची हिंमत मला कधी झाली नाही. ते काम सहकाऱ्यांनी केलं. मी बंद नळीचा बादशहा.

आमची प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरात एका संस्थेच्या मागच्या इमारतीत होती. खाली कॅन्टीन, वर आम्ही. त्यामुळे आमच्या अहवालांना कायम तळलेल्या मिरचीचा वास यायचा. तिथं आम्ही मायटोकॉण्ड्रियाच्या डीएनएची तपासणी करायचो. आता हे काय असतं ते सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदाला या, मी रागावणार नाही, माझे विद्यार्थीही तेच करायचे.

आपल्या पेशीत डीएनएचं मोठं घर म्हणजे केंद्रक. त्यातलं निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. पण पेशीत मायटोकॉण्ड्रिया नावाचे बारके कप्पे असतात, अन्नातून ऊर्जा काढणारे. दहावीला सगळ्यांनी हे पाठ केलेलं असतं आणि निकालाच्या दिवशी सगळे विसरतात. या कप्प्यांकडे स्वतःचा वेगळा डीएनए असतो. बांगडीसारखा गोल, चिमुकला, जनुकं फक्त सदतीस. मात्र एकेका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती. एकत्र घरात राहून वेगळी चूल मांडलेल्या भावासारखा हा प्रकार आहे. चूल वेगळी, पण डाळ-तांदूळ मोठ्या घरातून. या डीएनएच्या नकला काढणारी यंत्रणा, तो वाचणारी यंत्रणा, त्याची डागडुजी करणारी यंत्रणा, सगळं केंद्रकाच्या हुकमावरून बनतं आणि बाहेरून आत येतं. त्याच्या स्वतःच्या जनुकांपैकी तेरा ऊर्जेच्या यंत्राचे सुटे भाग बनवायला सांगतात. बाकीची जनुकं, ते भाग जिथं बनतात त्या कारखान्यासाठी राबतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा डीएनए येतो फक्त आईकडून. मुलगा असो की मुलगी, दोघांना आईचाच मिळतो, पण पुढे देते ती फक्त मुलगी. मुलाकडे आलेला त्याच्याबरोबर संपतो.

प्रती इतक्या असल्यामुळे तो सापडायला सोपा, आणि गोंधळ घालायलाही. नवीन होतो तेव्हा एकदा माझ्या सगळ्या नमुन्यांत एकच दुर्मीळ बदल दिसायला लागला. पैठणचा माणूस असो, अजिंठ्याचा असो, सगळ्यांत तोच. मी हरखलो. मराठवाड्यातली माणसं एका आईची लेकरं आहेत, असा शोधनिबंध मनातल्या मनात लिहून झाला, भाषणात कुणाचे आभार मानायचे तेही ठरलं. मग कुणीतरी सुचवलं की एकदा स्वतःचं रक्त तपासून पाहा. ती आई माझीच निघाली. मी मास्क न लावता नळ्यांवर वाकून सहकाऱ्यांना राजकारण समजावत होतो आणि बोलता बोलता थुंकीचे कण आत जात होते. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, बोलण्यातून एवढं काही बाहेर पडतं हे पहिल्यांदाच ऐकतेय.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एक वकील आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होते. घराणं किती जुनं, कुठून आलं, हे डीएनएवरून सिद्ध करून द्या म्हणाले. मी त्यांना सांगितलं, आमच्या तपासणीतून तुमच्या आईच्या आईच्या आईचा माग लागेल, तुमच्या आडनावाचा लागणार नाही.  ते म्हणाले, बायकांचं नको हो, घराण्याचं हवंय. आणि नमुना परत मागितला. हे मी पुष्कळ वर्षं हसत हसत सांगत असे. आपण त्या वकिलांपेक्षा शहाणे आहोत अशी माझी समजूत होती. ती साहेबरावांनी घालवली.

त्याचं झालं असं. कानाच्या डॉक्टरांनी आमच्याकडे एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला पाठवलं. त्याला अमोल म्हणू या, नावं सगळी बदललेली आहेत. छातीत संसर्ग झाला म्हणून त्याला इंजेक्शनं दिली होती. संसर्ग बरा झाला आणि कान गेले. आधी कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, मग काहीच नाही. त्याची आई मंदाबाई वाळूजला राहायच्या. कुणी म्हणे डॉक्टरने जास्त औषध दिलं, कुणी म्हणे नजर लागली. औषध बरोबर होतं आणि डोसही बरोबर होता.

भानगड वेगळीच होती. मायटोकॉण्ड्रिया हे फार फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते असं मानतात. त्यांच्या त्या कारखान्याची बांधणी अजूनही जिवाणूंच्या वळणावर आहे. काही जुनी, स्वस्त आणि चांगली गुणकारी इंजेक्शनं जिवाणूंचा कारखाना बंद पाडून त्यांना मारतात. आपला कारखाना थोडा वेगळा, म्हणून आपण वाचतो. पण काही माणसांत या डीएनएमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्याने आपला कारखाना औषधाला जिवाणूचाच वाटायला लागतो आणि ते दोन्हीकडचं काम थांबवतं. आतल्या कानातल्या पेशी नाजूक, त्यांना हे सोसत नाही. त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. अमोलमध्ये ते अक्षर बदललेलं होतं. त्याचे कान आम्ही परत देऊ शकत नव्हतो. पण त्याच्या आईच्या रक्ताच्या ज्या ज्या माणसाला ते इंजेक्शन मिळेल, त्याचे कान वाचवता येण्यासारखे होते. त्यासाठी माणसं सापडायला हवी होती.

मी मंदाबाईंना सांगितलं, तुमच्या आईकडची सगळी माणसं तपासणीला आणा. त्यांनी भावाला निरोप दिला आणि एका सकाळी कॅन्टीनसमोर जीप येऊन थांबली. पुढे साहेबराव, मंदाबाईंचे मोठे भाऊ, पैठणकडचे बागायतदार, भरदार माणूस. मागे त्यांचे चुलते, चुलतभाऊ, भावकीतले दोघं-तिघं आणि गावचे माजी सरपंच. सगळे पुरुष. रक्त द्यायचं म्हणून सगळे उपाशीपोटी आलेले. आईकडचे म्हणजे मामाच्या घरचे, मामाच्या घरचे म्हणजे भावकी, हा त्यांचा सरळ हिशोब. गंमत अशी की मलाही त्यात काही खटकलं नाही. किती सहकार्य करणारं कुटुंब, असं मी कौतुकाने म्हणालो. अर्ध्यांहून जास्त लोकांचं रक्त काढून झालं, मी वंशावळ काढायला बसलो, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आलेल्या मंडळींत मंदाबाईंच्या आईचा डीएनए फक्त साहेबरावांकडे होता. बाकीचे सगळे त्यांच्या बापाच्या बाजूचे. त्यांच्यात अन् या आजारात एका जीपपलीकडे काही नातं नव्हतं. ज्याने जन्मभर आईची बाजू शिकवली त्यानेच एवढ्या माणसांना फुकट टोचवलं होतं.  सरपंचांनी जाता जाता साखरही बघून ठेवा असं सांगितलं.

वंशावळ काढायची आमची एक पद्धत असते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. साहेबरावांना विचारलं, भावंडं किती. "आम्ही दोघं. मी अन् मंदी. एक धाकटी होती, ती वारली." कशाने, असं विचारल्यावर म्हणाले, तापानं. मी गोल काढला, त्यावर रेघ मारली. मग विचारलं, आईंना का नाही आणलं.

"म्हातारी हाय ती. कानानं बहिरी. तिला काय कळतंय?"

केव्हापासून बहिऱ्या, हे मी सहज विचारलं. त्यांनीही सहज सांगितलं की छातीच्या बिमारीत लई सुया घेतल्या होत्या, तवापासून. मी खुर्चीतून उठलोच. एवढ्या माणसांचं रक्त घेऊन बसलो होतो आणि जिचं पाहिजे ती घरी राखणीला ठेवली होती.

रविवारी मी सहकारी बाईंना घेऊन गावी गेलो. मंदाबाई बरोबर होत्या. अंगणात पुन्हा सगळी भावकी जमली, कारण आता आम्ही ओळखीचे झालो होतो. गयाबाई म्हणजे साहेबरावांची आई. वाळलेल्या शेंगेसारखी बारीक म्हातारी, पण आवाज असा की गावाच्या वेशीवर ऐकू जावा. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही. सहकारी बाईंनी रक्त काढलं, मी बाभळीकडे बघत उभा राहिलो. झाल्यावर गयाबाईंनी दंड चोळत विचारलं,

"माझं घेतलं, साहेबाचं घेतलं, मंदीचं घेतलं. अन् माझ्या सुमीचं?"

सुमी म्हणजे माझ्या वंशावळीत रेघ मारलेली ती धाकटी. मला वाटलं, वयोमानाने विसरत असतील. आता इथं मी जे केलं ते आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात. मला वाटलं, आपण समजूतदार माणूस, आपण हळुवारपणे सांगावं. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो की आजी, त्या वारल्या ना. त्यांना ऐकू आलं नाही. मी अजून मोठ्याने म्हणालो. तरी नाही. मग मी आकाशाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले.

ते मात्र त्यांना बरोबर कळलं.  माझे जोडलेले हात त्यांनी इतके घट्ट धरले की नखं रुतली.

"कवा? काल तर दिसली की मोबाईलमधी. कवा मेली माझी सुमी?"

मंदाबाई धावत आल्या. आईला छातीशी धरून त्या सांगायला लागल्या, पण हळू सांगून त्या कानांना काय पोचणार. शेवटी त्यांना ओरडावं लागलं, सगळ्या भावकीसमोर, शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल असं. "जिती हाय, आई. सुमी जिती हाय. कुणी मेलं नाय." दोनदा, तीनदा. माझ्या वंशावळीतल्या मयत बाईला तिची बहीण गावभर जिवंत जाहीर करत होती आणि मी मधे बसलेलो, हात अजून जोडलेले.

हळूहळू उलगडा झाला. सुमी पैठणला पैठणी विणायला शिकायला गेली आणि तिथल्या एका विणकराशी लग्न करून बसली, दुसऱ्या जातीच्या. बापाने तिच्या नावाने आंघोळ केली. बाप पुढे वारला, पण ती आंघोळ साहेबरावांनी चालू ठेवली. त्या घरात पुरुषांसमोर तिचं नाव काढायचं नाही हा नियम. तेव्हा तापाने वारली हे साहेबरावांच्या लेखी खोटं नव्हतं, त्यांनी मला घरची अधिकृत माहिती दिली होती. आणि घरातल्या बायकांनी नियम बिनबोभाट पाळला होता. म्हणजे पुरुषांसमोर नाव काढत नव्हत्या. मंदाबाईंच्या मोबाईलमध्ये सुमीचा नंबर 'ब्लाउजवाली' या नावाने होता. त्या आल्या की आईला तिचं तोंड दाखवायच्या, आणि नसल्या की वहिनीच्या मोबाईलवर. साहेबरावांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. तीही यात होती. ती पदर सावरून म्हणाली, चहा ठेवते, आणि आत गेली.

मंदाबाईंना मात्र दुसरंच काही सुचलं होतं. त्यांनी मला विचारलं, सर, हे आईकडून येतं म्हणले ना तुम्ही, मग सुमीला असंल. मी हो म्हणालो. तिच्या लेकीला? हो. लेकीच्या लेकराला? हो, म्हणालो, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या उगाच विचारत नव्हत्या. सुमीबाई नवऱ्याबरोबर पडेगावला राहत होत्या. त्यांची मुलगी दोनच दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ दिवसांआधी आलेलं, काचेच्या पेटीत होतं, आणि रक्तात संसर्ग निघाला म्हणून सुया चालू होत्या.

नवजात बाळाच्या संसर्गात पहिल्यांदा जी औषधं देतात, त्यांत बहुतेक वेळा त्याच जातीचं इंजेक्शन असतं. चांगलं औषध आहे, हजारो बाळं त्याने वाचली आहेत. पण हे बाळ गयाबाईंचं होतं. मंदाबाईंनी फोन लावला. सुमीबाई म्हणाल्या, औषधाचं नाव ठाऊक नाही, सिस्टर सांगते डॉक्टरला विचारा, डॉक्टर फेरीवर आहेत. मी ओळखीच्या तीन डॉक्टरांना फोन केले. रविवार होता. माझ्यासारख्या माणसाचा फोन रविवारी कोण उचलतो.

गयाबाई मंदाबाईंना सोडायला तयार नव्हत्या. माझी गाडी जीपच्या मागे अडकलेली. तेवढ्यात साहेबरावांनी खुंटीवरची किल्ली घेतली, माझ्या पिशवीतला अमोलचा अहवाल घेतला आणि म्हणाले, "चला."

रस्ताभर मी बोलत होतो. घाबरलो की मी शिकवायला लागतो. अक्षर कसं बदलतं, कारखाना कसा अडतो, एकाच अक्षराने कुणाचे कान जातात तर कुणाचे राहतात, नेमकं का ते अजून नीट कळलेलं नाही, असं सगळं. बिडकीनच्या पुढे साहेबराव म्हणाले, "सर, जरा गप बसा." 

वॉर्डाच्या दारात निवासी डॉक्टर भेटला. तरुण, डोळे तांबारलेले. मी त्याला आमच्या प्रयोगशाळेचं नाव, माझी पदवी, बदललेलं अक्षर, सगळं एका दमात सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी म्हणालो, नाही. "मग जरा बाजूला व्हा काका. बाळाच्या घरचं कोण आहे?" सगळं आयुष्य मी ज्या विषयात घालवलं, त्या विषयाच्या दारात मला बाजूला व्हावं लागलं. आणि तो बरोबर होता. घरातल्या आजाराची माहिती घरातल्याच माणसाकडून घ्यायची असते, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत होतो.

दारात एक बाई येऊन उभी राहिली होती. हातात उष्टी वाटी आणि चमचा. चेहरा हुबेहूब मंदाबाईंचा, केस मात्र पांढरे. ती साहेबरावांकडे बघत होती आणि साहेबराव अहवालाकडे. डॉक्टरने अहवाल त्यांच्या हातातून घेतला, चाळला, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला प्रकरण समजलंय. त्याने पेन काढलं. घरात अजून कुणाला झालंय, विचारलं.

"माझ्या आईला. अन् भाच्याला," साहेबराव म्हणाले. "सुया घेतल्या अन् कान गेले दोघांचे."

"बाळाशी त्यांचं नातं?"

साहेबरावांनी दारातल्या बाईकडे वळून पाहिलं. मला वाटलं आपण सांगून टाकावं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी आपणहून तोंड बंद ठेवलं.

"बाळाची आजी माझी बहीण हाय," ते म्हणाले. "धाकटी. सुमन. मी पोरीचा मामा."

डॉक्टरने लिहून घेतलं आणि आत जाऊन औषध बदललं. एक डोस सकाळी गेलेला होता. वाचकांचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो, बाळाच्या रक्तात ते अक्षर निघालं, पण पुढे कानांच्या सगळ्या तपासण्या आजवर ठीक आल्या आहेत. आम्ही लोक 'आजवर' हा शब्द सोडत नाही. त्या घरातल्या सगळ्या बायका आणि लेकरं आता कुठल्याही दवाखान्यात आधी तेवढंच सांगतात. माझ्या निबंधांपैकी किती लोकांनी वाचले मला माहीत नाही, पण हे एवढं काम झालं, आणि त्यातही माझा वाटा एका म्हाताऱ्या आईला खोटीच बातमी सांगण्याचा.

डॉक्टर आत गेल्यावर दारात आम्ही तिघंच उरलो. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी गेलो नाही. सुमनबाई रडल्या नाहीत. भिंतीलगत बाक होता, त्यावरची पिशवी त्यांनी बाजूला सरकवली.

"बस दादा. किती वेळ उभा राहशील."

साहेबराव बसले नाहीत. ते पुढे गेले, तिच्या हातातली वाटी आणि चमचा घेतला, दोन्ही नीट धरून इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं धुयचं?"